एका ओळीसाठी पोरांना चोर बनवू नका

पोस्ट लांब आहे. ज्यांची पोरं इंजिनिअरिंगला आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. प्राध्यापक मंडळींनी वाचली तर फारच उत्तम. राग आला तरी चालेल.

सरळ मुद्द्यावर येतो. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एक गोष्ट राजरोस चालते आणि कुणालाही तिची लाज वाटत नाही. तिसऱ्या वर्षाला ‘कंट्रोल सिस्टीम’ हा विषय येतो. त्याचं प्रॅक्टिकल कॉम्प्युटरवर करायचं असतं. मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं : ‘मॅटलॅब वापरून’. कॉलेजच्या लॅबमध्ये त्याचं लायसन्स पुरेसं नसतं, काही ठिकाणी तर नसतंच. मग सीनियरकडून पेन ड्राइव्ह येतो. त्यात क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणि सोबत एक टेक्स्ट फाइल. तिच्यातली पहिली सूचना असते, अँटिव्हायरस बंद करा. पोरगं अँटिव्हायरस बंद करतं, बापानं हप्त्यावर घेऊन दिलेल्या लॅपटॉपमध्ये कुठलीशी अनोळखी फाइल चालवतं आणि ‘इंजिनिअर’ होण्याच्या मार्गाला लागतं.

बातमीच्या निमित्ताने मी गेले काही महिने हा विषय धरून बसलोय. मी इंजिनिअर नाही, पत्रकारितेचा डिप्लोमावाला माणूस. पण प्रश्न विचारणं हा माझा धंदा आहे. मी पोरांना विचारलं, ‘अरे, फुकट आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहे ना? ऑक्टेव्ह आहे, सायलॅब आहे. ते का वापरत नाही?’ उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच. ‘सर, त्यात कंट्रोलची फंक्शन्सच नाहीत.’ दोन ठिकाणी तर शिकवणाऱ्यांनीही हेच सांगितलं.

हे साफ खोटं आहे. ही पोस्ट त्या एका खोट्या वाक्यासाठी आहे.

आधी विषय काय आहे ते सांगतो, कारण ‘कंट्रोल सिस्टीम’ म्हटलं की घरच्यांना वाटतं काहीतरी रॉकेटबिकेट असेल. रॉकेटमध्ये आहेच, पण आपल्या साखर कारखान्यातही आहे. बॉयलरच्या ड्रममध्ये पाण्याची पातळी ठरलेल्या रेषेवर राहिली पाहिजे. खाली गेली तर नळ्या जळतात, वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनकडे जातं. उसाच्या रसात चुन्याचं पाणी सोडताना पीएच ७ च्या आसपास धरून ठेवावा लागतो. कोयनेच्या टर्बाइनचा गव्हर्नर ग्रीडची ५० हर्ट्‌झ वारंवारता सांभाळायला हातभार लावतो. मोजायचं, ठरलेल्या आकड्याशी ताडून बघायचं, फरक असेल तेवढं दुरुस्त करायचं आणि पुन्हा मोजायचं. हा झाला कंट्रोल. गणित एवढ्यासाठी, की दुरुस्ती फार जोरात केली तर गाडी ठरलेल्या जागेच्या पुढे जाते, मग मागे येते, पुन्हा पुढे जाते. फारच जोर लावला तर ही झुलाझुल वाढतच जाते. किती जोर चालेल, हे आधी कागदावर किंवा कॉम्प्युटरवर बघायचं असतं, बॉयलरवर नाही.

आता ऑक्टेव्हकडे येऊ. पोरगं ते उतरवून घेतं, उघडतं आणि मॅन्युअलमधली पहिली कमांड मारतं : टीएफ. म्हणजे ट्रान्सफर फंक्शन, यंत्राचं गणिती रूप. समोर संदेश येतो, हे फंक्शन ‘अनडिफाइन्ड’ आहे. झालं. ‘यात नाहीच’ असा निकाल देऊन पोरगं पेन ड्राइव्हकडे वळतं.

अरे बाबा, खालची ओळ वाच की! ऑक्टेव्हच्या आताच्या आवृत्त्या तिथंच सांगतात, की हे फंक्शन कंट्रोल पॅकेजमधलं आहे, पॅकेज तुझ्या मशिनवर आहे पण तू ते लोड केलेलं नाहीस, अमुक कमांड दे. ती कमांड म्हणजे ‘पीकेजी लोड कंट्रोल’. टाइप अर्थातच इंग्रजीत करायची, तीन शब्द, मध्ये एकेक जागा सोडून. एंटर मारा. टीएफ चालतं. बोडे चालतं, नायक्विस्ट चालतं, रूट लोकससाठी आरलोकस चालतं, स्टेप चालतं, मार्जिन चालतं, स्टेट स्पेससाठी एसएस चालतं, एलक्यूआर चालतं, सी-टू-डी चालतं. मॅन्युअलमध्ये जी नावं छापलीत, बहुतेक त्याच नावांनी.

विंडोजचा इन्स्टॉलर घेतला तर हे पॅकेज सोबतच येतं. उबंटूवर ‘ऑक्टेव्ह-कंट्रोल’ नावाने वेगळं घ्यावं लागतं. आणि रोज ती ओळ टाइप करायचा कंटाळा असेल तर ऑक्टेव्हच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये, ऑक्टेव्हआरसीमध्ये, एकदाच लिहून ठेवा. विषय संपला.

हे वेगळं पॅकेज का, तर जुन्या काळी ही फंक्शन्स ऑक्टेव्हच्या मुख्य भागातच होती. पुढे ती बाजूला काढून स्वतंत्र पॅकेज झालं. लुकास राइखलिन यांनी ते नव्यानं उभं केलं आणि आतली कठीण आकडेमोड स्लिकॉट या फोर्ट्रान लायब्ररीवर ठेवली. स्लिकॉट म्हणजे खास कंट्रोलच्या गणितासाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी घासूनपुसून बनवलेली लायब्ररी. ‘फुकटचं म्हणजे कच्चं’ असं म्हणणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता खरी गंमत ऐका. ज्या मॅटलॅबसाठी हा सगळा आटापिटा, त्याच्याही मूळ भागात कंट्रोलची ही फंक्शन्स नाहीत! तिथंही ‘कंट्रोल सिस्टीम टूलबॉक्स’ वेगळा आहे आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. क्रॅकमध्ये सगळेच टूलबॉक्स कोंबलेले असतात म्हणून पोरांना ते कळत नाही. म्हणजे दोन्हीकडे कंट्रोलचं दालन वेगळंच आहे. एकीकडे दार उघडायला पैसे लागतात, दुसरीकडे तीन शब्द. आणि आपण पोरांना सांगतो की दुसरीकडे दारच नाही.

सायलॅबची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं कंट्रोलचं काही लोडच करावं लागत नाही, सगळं आतच आहे. अडचण नावांची आहे. पोरगं आरलोकस टाइप करतं, येत नाही. कारण तिथं त्याचं नाव ‘इव्हान्स’ आहे. का? तर रूट लोकसची पद्धत वॉल्टर इव्हान्स यांनी १९४८ साली मांडली म्हणून. ज्याने विषय शिकवताना हे नाव एकदा जरी घेतलं असेल, त्याच्या विद्यार्थ्याला ते फंक्शन सापडायला हवं. ‘स्टेप’ टाइप केलं तर येत नाही, तिथं ‘सीसिम’ला स्टेप हा शब्द द्यायचा. टीएफच्या जागी ‘सिसलिन’. फेज मार्जिनला पी अंडरस्कोर मार्जिन. बोडे आणि नायक्विस्ट तेच. सगळी मिळून आठ-दहा नावांची यादी होते, एका पोस्टकार्डावर मावेल एवढी. ती यादी लॅबच्या भिंतीवर चिकटवायला किती खर्च येतो? झेरॉक्सचे दोन रुपये.

तिसरा रस्ता पायथनचा. ‘पिप इन्स्टॉल कंट्रोल’ म्हटलं की पायथनची कंट्रोल लायब्ररी येते. अमेरिकेतल्या कॅलटेकचे प्राध्यापक रिचर्ड मरे यांच्या पुढाकारातून ती उभी राहिली. तिच्यात मॅटलॅबसारख्या नावांचा एक खास विभागच आहे, सवय मोडू नये म्हणून.

उत्तरं बरोबर येतात का? स्वतः करून बघितलं. पुस्तकातलं साधं उदाहरण घेतलं, मोटर ठरलेल्या कोनात वळवायचं. छेदात एस गुणिले एस अधिक एक, आणि साधा फीडबॅक. हे कागदावरही सुटतं. डॅम्पिंग ०.५ येतं, मोटर ठरलेल्या जागेच्या १६.३ टक्के पुढे जाऊन मागे येते, फेज मार्जिन ५१.८ अंश. गेन चौपट केला की डॅम्पिंग ०.२५ वर येतं आणि मोटर ४४ टक्के पुढे उसळते. ऑक्टेव्हला तेच दिसतं, सायलॅबला तेच, पायथनला तेच. गणिताला लायसन्स नसतं. ज्याला हे १६ आणि ४४ मधलं अंतर का पडलं ते कळलं, त्याला विषय कळला. ते कुठल्या कंपनीच्या खिडकीत बघितलं याला काडीची किंमत नाही.

आता थोडा इतिहास, कारण त्याच्यासारखा टोमणा मला सुचणार नाही. मॅटलॅब पहिल्यांदा कुणी लिहिलं? क्लीव्ह मोलर यांनी, १९७० च्या दशकाच्या शेवटी, न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवत असताना. कशासाठी? आपल्या विद्यार्थ्यांना फोर्ट्रान न लिहिता मॅट्रिक्सचं गणित करता यावं म्हणून. ते तेव्हा फुकट वाटलं जायचं. पुढे मोलर यांनी स्टॅनफर्डला शिकवलं, तिथल्या कंट्रोलवाल्या पोरांना ते फार आवडलं आणि १९८४ मध्ये कंपनी निघाली. ऑक्टेव्ह कशासाठी निघालं? केमिकल रिअॅक्टरच्या पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून. विद्यार्थ्यांचा वेळ रसायन शिकण्यापेक्षा फोर्ट्रानमधल्या चुका शोधण्यात जातोय, हे जॉन ईटन आणि त्यांच्या प्राध्यापकांना खटकत होतं. कल्पना १९८८ ची, पहिली पूर्ण आवृत्ती १९९४ ची. नाव संगीतातल्या सप्तकावरून नाही, ईटन यांचे शिक्षक ऑक्टेव्ह लेव्हनस्पील यांच्यावरून. हे गुरुजी पाकिटाच्या पाठीवर चटकन हिशेब मांडण्यात वाकबगार होते.

म्हणजे दोन्ही सॉफ्टवेअर जन्माला आली विद्यार्थ्याचा वेळ वाचावा म्हणून. आणि आपली पोरं त्यांचा वेळ घालवतात चालणारा क्रॅक शोधण्यात.

आता आपल्याच राज्यातलं बोलू. मुंबईत पवईला आयआयटी आहे. तिथं ‘फॉसी’ नावाचा प्रकल्प केंद्र सरकारच्या पैशातून, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून चालतो. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर आणायचं, एवढंच त्याचं काम. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी तो उभा करण्यात मोठा वाटा उचलला. ते स्वतः केमिकल इंजिनिअर, डिजिटल कंट्रोलवर त्यांचं पुस्तक आहे. या प्रकल्पाने इंजिनिअरिंगच्या नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅबमध्ये करून घेतली आणि सगळ्यांसाठी खुली ठेवली. ती कुणी केली? देशभरातल्या कॉलेजांतल्या विद्यार्थी-शिक्षकांनी. आयआयटीच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सायलॅबचे धडे आहेत, कंट्रोल सिस्टीमवरचा धडाही त्यात आहे. मराठीतून ऐकायची सोयही त्या प्रकल्पात आहे. आणखी पुढचं सांगतो. एक छोटा हीटर आणि पंखा बसवलेलं यंत्र त्यांनी बनवलं, आणि लांबच्या कॉलेजातल्या पोरानं घरबसल्या इंटरनेटवरून खऱ्या यंत्राचं तापमान सायलॅबने कंट्रोल करावं अशी सोय केली.

आपल्या भागातल्या किती पोरांना हे माहीत आहे? मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकालाही नव्हतं. घरात विहीर आणि पोरं शेजारी पाणी चोरायला.

आता समोरून काय काय म्हटलं जातं ते बघू. तेही ऐकलं पाहिजे.

पहिलं : ‘कंपन्या मॅटलॅबच मागतात.’ काही मागतात, खरंय. गाड्यांच्या आणि विमानांच्या उद्योगात त्याचं चलन मोठं आहे. पण मुलाखतीला बसलेला माणूस गेन वाढवला तर काय होईल हे विचारतो. ज्याला ते येतं तो दुसरं सॉफ्टवेअर आठवड्यात उचलतो. आणि ऑक्टेव्हची भाषा बरीचशी तीच आहे, शिकलेलं वाया जात नाही. उलट, ज्याने चार वर्षं क्रॅकवर फक्त मॅन्युअलमधले प्रोग्रॅम कॉपी-पेस्ट केले, त्याला लायसन्सवालं सॉफ्टवेअर दिलं तरी तो काय करणार?

दुसरं : ‘सिम्युलिंकसारखं काही नाही.’ यात तथ्य आहे, नाकारत नाही. चौकटी जोडून आकृती करायची आणि त्यावरून थेट यंत्रासाठी कोड काढायचा, यात सिम्युलिंक खूप पुढे आहे. ऑक्टेव्हमध्ये तसं काही नाही. सायलॅबमध्ये एक्सकॉस आहे, पण त्याचा आवाका लहान. पीआयडीचे आकडे माउसने ओढून जुळवायच्या तयार खिडक्याही विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये सरस आहेत. पण तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलची यादी काढून बघा. स्टेप रिस्पॉन्स, रूट लोकस, बोडे, नायक्विस्ट, स्टेट स्पेस, साधा पीआयडी. यातलं एक तरी प्रॅक्टिकल दाखवा जे फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये होत नाही.

तिसरं : ‘मोठ्या संस्थांत सगळ्यांना लायसन्स असतं.’ असतं, आणि ज्यांना परवडतं त्यांनी खुशाल घ्यावं. कंपनीनं मेहनत करून वस्तू बनवली आहे, तिने किंमत मागणं हा तिचा हक्क आहे. माझं भांडण कंपनीशी नाहीच. माझं भांडण त्या माणसाशी आहे जो ती वस्तू विकतही घेत नाही, फुकटची वापरूही देत नाही आणि पोरांना चोरीचा माल वापरायला लावून स्वतः नामानिराळा राहतो.

कारण पकडला गेला तर कोण पकडला जाईल? कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब वाचा. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड. लॅपटॉप पोराच्या नावावर आहे. मॅन्युअल छापणाऱ्याच्या नावावर नाही. पोलीस पोरांच्या खोल्यांवर धाडी घालत फिरत नाहीत, हे मलाही माहीत आहे. पण तेच पोरगं उद्या एमआयडीसीत छोटा कारखाना काढेल आणि सवयीनं तोच पेन ड्राइव्ह लावेल, तेव्हा नोटीस कारखान्याच्या पत्त्यावर येईल.

आणि एक मोठी भीती. चीनमधल्या हार्बिनच्या दोन तंत्रविद्यापीठांचं मॅटलॅब जून २०२० मध्ये बंद झालं. पैसे भरले नव्हते म्हणून नाही, अमेरिकेनं त्यांना निर्बंधांच्या यादीत टाकलं म्हणून. लांबचं वाटतं? जुलै २०२५ मध्ये गुजरातेत वाडिनारला रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा युरोपच्या निर्बंधांनंतर अचानक थांबल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. भांडण तिसऱ्यांचं, कुलूप आपल्या दाराला. दुसऱ्याच्या किल्लीवर सगळं घर चालवू नये, एवढंच यातून घ्यायचं. केंद्र सरकारनं स्वतःच्या कामासाठी मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ मध्येच जाहीर केलं. केरळनं सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर आणून कितीतरी वर्षं झाली. तिथली शाळकरी पोरं जे करतात ते आपल्या भावी इंजिनिअरना झेपत नाही, असं म्हणायचंय का?

मग करायचं काय? मागण्या साध्या आहेत.

१. अभ्यासक्रमात आणि मॅन्युअलमध्ये कंपनीचं नाव नको, काम लिहा. ‘दिलेल्या प्रणालीचा बोडे प्लॉट काढा’, बस्स. कशात काढला ते विद्यार्थी बघेल.

२. एक्स्टर्नलला आलेल्या परीक्षकानं ऑक्टेव्हचा किंवा सायलॅबचा प्रिंट जर्नलमध्ये दिसला म्हणून मार्क कापू नयेत. विद्यापीठानं तसं लेखी कळवावं.

३. लॅबच्या प्रत्येक मशिनवर ऑक्टेव्ह आणि सायलॅब असावं, आणि भिंतीवर फंक्शनच्या नावांचा तक्ता : मॅटलॅबमध्ये हे, ऑक्टेव्हमध्ये हे, सायलॅबमध्ये हे. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात ‘पीकेजी लोड कंट्रोल’.

४. सॉफ्टवेअरच्या नावाखाली फी घेतली जात असेल तर कुठलं लायसन्स, किती मशिनसाठी, केव्हापर्यंत, हे नोटीस बोर्डावर लावा.

यातल्या पहिल्या तीन गोष्टींना नवा निधी लागत नाही, शासन निर्णयाची वाट बघावी लागत नाही. विभागप्रमुखानं मनावर घेतलं तर या सेमिस्टरला होईल.

शिकवणाऱ्यांना शेवटचं सांगतो. तासिकेवर, तुटपुंज्या मानधनावर किती जण राबताय ते मला माहीत आहे, त्यावर मी बातम्या केल्या आहेत आणि पुढेही करीन. पण ‘त्यात ते फंक्शन नाही’ हे वाक्य बोलायच्या आधी एकदा शोधा. तुमच्या तोंडून आलेलं ‘नाही’ पोरं आयुष्यभर खरं मानतात.

आणि पालकहो, पुढच्या पालक मेळाव्याला प्लेसमेंटचे आकडे विचाराल तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा : ‘माझ्या पोराच्या लॅपटॉपमध्ये तुम्ही जे सॉफ्टवेअर टाकायला सांगितलंत, त्याची पावती कुठंय?’

काय उत्तर येतं ते मला नक्की कळवा. मी छापतो.